छडीचे दोन ठोके

मुलाखत घ्यायला येणारी तरुण मंडळी शेवटी हमखास विचारतात, ‘अभिनयातले तुमचे गुरू कोण?’ मी म्हणते, माझे वडील. मग ती माना डोलावतात, ‘वा, म्हणजे घरातच नाटक होतं तर,’ असं काहीतरी म्हणतात आणि चहा संपवून जातात. गेली कित्येक वर्षं मी हेच उत्तर देत आले आहे. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी एकाच माणसाला सांगितलं, आणि त्याला तर ते मुळीच सांगायला नको होतं. मालिकांमधून सासवा, आत्या आणि भांडखोर शेजारणी करता करता माझं वय झालं. आता कामं कमी झाली आहेत, गुडघे कुरकुरतात, दुपारी झोप लागत नाही. म्हटलं, बसावं आणि लिहून टाकावं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, नांदेडात शिंपी होते. गोदावरीच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत माय, मी आणि चूल. दिवसभर मशीनचा खडखडाट चालायचा, त्यामुळे आमच्या घरात सगळेच जरा मोठ्यानं बोलायचे. आजही मी फोनवर बोलले की शेजारी खिडकी लावून घेतात. खडखडाट मध्येच थांबला की माय चुलीपाशी बसूनच म्हणायची, “गेले. नाटकात गेले.” मी डोकावून बघायची. अण्णांचे पाय मशीनच्या पायडलवर, हात कापडावर, आणि ओठ हलू लागलेले. समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी त्यांना त्याचं काही नसायचं. गिऱ्हाइकालाही नसायचं, कारण अख्ख्या नांदेडाला ठाऊक होतं की हा शिंपी साहेबाचं काम करतो.

साहेब म्हणजे इंग्रज साहेब. अण्णांचे डोळे घारे होते आणि रंग असा की उन्हात गेले तर तोंड लालेलाल व्हायचं. आमच्या भागात असा माणूस नाटकात शिरला की त्याला दुसरं काम मिळत नसे. गावोगावची मंडळं राजा, राणी, विनोदी नोकर आपापल्यात शोधायची. साहेब मात्र नांदेडाहून न्यायची. देगलूर, कंधार, किनवट, माहूरची जत्रा, कुठूनही निरोप यायचा, ‘साहेब पाठवा.’ अण्णा कलेक्टर झाले, मेजर झाले, जंगलसाहेब झाले, पाद्री झाले, आणि एका नाटकात तर एकाच प्रयोगात दोन वेगवेगळे साहेब झाले, फक्त मिशी बदलून. काम छोटंच असायचं. यायचं, छडी आपटायची, नायकाला अटक करायची, जायचं. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. त्यांचं इंग्रजी त्यांनी स्वतःच बेतून शिवलं होतं. “व्हॉट इज धिस नॉनसेन्स रेल्वे टाइम!” असं ते कडाडले की पुढच्या रांगेतली पोरं मागच्या रांगेत पळायची. इस्लापूरला एका म्हातारीनं त्यांना चप्पल फेकून मारली. ते कपाळाला टेंगूळ घेऊन घरी आले ते हसतच. “नेम धरून मारली बघ म्हातारीनं,” ते मायला म्हणाले, “म्हंजे काम झालं म्हनायचं.” माय हळद उगाळत राहिली आणि म्हणाली, “एखांद्या बारीला देव व्हा की. फुलं तरी फेकतील.”

साहेबाचा सगळा पोशाख घरचा होता. खाकी कोट अण्णांनी शिवलेला. टोपी मायनं केलेली, मडक्यावर रद्दीचा लगदा थापून वाळवलेली आणि वर खाकी ड्रिलचं कापड ताणून बसवलेली. बूट मात्र खरे होते, पूर्ण्याच्या रेल्वेतल्या एका माणसाकडून मिळालेले. चालही पूर्ण्याचीच. अण्णांचं लहानपण पूर्णा जंक्शनच्या आसपास गेलं होतं आणि तिथं त्यांच्या पोरवयात एक गोरा गार्ड होता. त्याच्या मागे मागे चालत अण्णांनी त्याची चाल उचलली. त्या गार्डची एक गोष्ट ते मला नेहमी सांगायचे. एकदा गाडी सुटायच्या वेळी त्याच्या हातात तार आली. विलायतेत त्याची मुलगी गेली होती. “गोरा रडला न्हाई बग बाई,” अण्णा सांगायचे. माझं नाव शकू, पण ते मला लाडानं बाई म्हणत. “डोक्यावरची टोपी काढली आन निस्ता उभा ऱ्हायला. काहीच बोलना. ड्रायव्हर शिटी मारून ऱ्हायला, लोकं डब्यातून डोकावून ऱ्हायले, तरी ह्यो उभाच. मग टोपी घातली आन हिरवी झेंडी दावली. त्येचं ते उभं ऱ्हानं मला लई दिवसापासून करायचं हाय. पन आपला साहेब असा दमच खाऊ शकत न्हाई. आला की वरडायचं.” ही गोष्ट मी दहा-वीस वेळा तरी ऐकली असेन. ऐकली होती, हे इथं मुद्दाम लिहून ठेवते.

मी आठ-नऊ वर्षांची असताना मोठा दुष्काळ पडला. नदीत वाळू दिसायला लागली आणि लोकांनी कपडे शिवणं बंद केलं. आहे त्यालाच ठिगळ लावत होते सगळे, आणि ठिगळ लावायला शिंप्याकडे कोण येतो? अण्णांचं मशीन दिवसेंदिवस गप्प राहू लागलं. मग माय शहराबाहेरच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. मी तिच्याबरोबर जायची. सकाळी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या लाल परदेशी ज्वारीची, भाकरी फडक्यात बांधायची. ती भाकरी तव्यावरच चिरा पडून तुटायची आणि घशाखाली उतरायला पाणी मागायची, आणि पाण्याचीच तर बोंब. दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक पीठ, वाटायचे. तिचा भाजल्यासारखा गोडसर वास मला अजून कधी कधी उगाचच येतो. मायनं आयुष्यात हातोडा धरलेला नव्हता. पहिल्या आठवड्यात तिची बोटं अशी सुजली की घास मी भरवायची. संध्याकाळी मुकादम लाकडी पेटी घेऊन यायचा, पेटी खडीनं भरली तर दिवस भरला. एकदा मायची पेटी चार बोटं कमी भरली. मुकादमानं नुसती मान हलवली. माय काहीच बोलली नाही, पुन्हा खाली बसली आणि मावळत्या उजेडात दगड फोडू लागली. तिचं ते खाली बसणं मी पाहत होते. पुढं मी ते विकून खाल्लं, असंच म्हणावं लागेल.

एका रविवारी अण्णा साहेबाचा पूर्ण पोशाख करून कामावर अवतरले. कुणी बोलावलं नव्हतं. छडी फिरवत त्यांनी आधी दगडांना सलाम करायला लावला, मग मुकादमाचीच लाकडी पेटी घेऊन त्याचं पोट मोजलं आणि ओरडले, “नॉट फुल! ये आदमी आधा है! इसको और भरो!” बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मुकादमही हसला, बिचाऱ्याला तेवढंच बरं वाटलं असेल. माय हसता हसता खडीच्या ढिगावर बसली. “लई दिसानं हसले गं,” ती मला म्हणाली, “पोटात दुखू लालंय.” घरी जाताना अण्णा साहेबाच्या वेषात पुढं आणि आम्ही मागं. वाटेत दोघा-तिघांनी त्यांना रामराम केला, तो त्यांनी टोपीला छडी लावून घेतला.

मी कॉलेजात गेले त्या सुमारास लातूर वेगळा जिल्हा झाला. आमच्या नांदेडकरांना त्याचं कोण हसू! कालपर्यंत तालुका होता आणि आज जिल्हा, आता तिथले लोक टाय लावून भाकरी खाणार, अशी थट्टा चालायची. तर त्या नव्या जिल्ह्याच्या हौसेपायी तिथल्या काही व्यापाऱ्यांनी नाट्यस्पर्धा ठेवली आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतली मंडळंही बोलावली. आमच्या कॉलेजात मराठी शिकवणारे एक तरुण सर होते. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत, मीही तेच म्हणते. त्यांनी स्पर्धेसाठी नाटक लिहिलं, दुष्काळी कामावरचं. आमच्याकडे इंग्रजांचं नव्हे, निजामाचं राज्य होतं, म्हणून त्यांनी गोष्ट सोलापूरकडच्या इंग्रजी मुलखात नेली. खडी फोडणारी एक बाई आणि कामावर देखरेख करणारा एक साहेब. बाईची पेटी थोडी कमी भरते, साहेब नियमानं तिचा दिवस धरत नाही, आणि तिचं तान्हं मूल उपासानं तिथंच दगावतं. शेवटच्या प्रवेशात बाई मूल घेऊन साहेबासमोर येते. बाईचं काम मला दिलं होतं. साहेब कोण करणार, हे विचारायचं कारणच नव्हतं.

पण हा साहेब निराळा होता. सरांनी अण्णांना पहिल्याच दिवशी सांगितलं, ह्या साहेबाचं मराठी मोडकं नको, सरळ बोलायचं. आणि ओरडायचं नाही. शेवटी त्याला एक लांब भाषण होतं. “पेटी खरी होती. माप खरं होतं. माझ्या वहीत कुठंच चूक नाही. मग हे मूल मेलं कसं?” अशी त्याची सुरुवात होती, आणि त्यातून तो साहेब हळूहळू स्वतःलाच दोषी धरत जातो. तीस वर्षं छडी आपटून विंगेत जाणाऱ्या माणसाला पहिल्यांदा नाटकाचा शेवट मिळाला होता. अण्णांनी ते भाषण पाठ करायला घेतलं. मशीन चालू असलं की भाषण, थांबलं की भाषण. मी जेवता जेवता त्यांची वाक्यं दुरुस्त करायची. महिन्याभरात ते मला त्यांच्यापेक्षा चोख पाठ झालं. मायला सुद्धा झालं. भाकरी थापता थापता ती “पेटी खरी होती” म्हणायची आणि स्वतःशीच हसायची. माझ्या कामासाठी तिनं ट्रंकेतून दुष्काळातलं आपलं लुगडं काढून दिलं, गुडघ्यापाशी दगडानं विरलेलं. “जपून नेस,” एवढंच म्हणाली.

एका तालमीत अण्णा मध्येच अडकले. जरासंच, पण त्यांच्या कपाळावर घाम आला. त्या दिवशी घरी येताना ते म्हणाले, “बाई, वय झालं आता. सरांनी विंगेत वाक्य द्यायला मानूस ठिवला न्हाई, त्यो आवाज पुढच्या रांगेला जातो म्हने. तवा आपन एक ठरवू. अडकलो तर मी बुटावर छडीचे दोन ठोके मारीन. ठोके ऐकले की तू माझ्या पाया पड आन खालून वाक्य दे. लोकास्नी वाटंल, बाई रडू लाली.”

“आन ठोके न्हाई मारले तर?” मी विचारलं.

“तर समजायचं, साहेब इच्चार करू लालाय. तवा मधी बोलायचं न्हाई.”

आमचा ठराव हा असा झाला. साधा, स्पष्ट, कुणालाही समजेल असा.

आता मनात काय होतं तेही सांगायला हवं. एका तालमीला अण्णा तापानं आले नव्हते, म्हणून त्यांची वाक्यं मी म्हटली. भाषण संपलं तेव्हा तालमीच्या खोलीत कुणी हललं नाही. सर वहीतून डोकं वर काढून म्हणाले, “अगं, हे तुझ्याच तोंडी जास्त शोभतंय,” आणि हसले. ते थट्टेत म्हणाले असतील. मला मात्र तेव्हापासून रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. मूल माझं मेलेलं, दगड माझ्या मायनं फोडलेले, आणि नाटकाच्या शेवटी बोलणार कोण, तर साहेब! मी नुसतं रडायचं. मला राग यायचा, आणि तो राग सरांच्या लिहिण्यावर यायच्या ऐवजी अण्णांवर यायचा. त्यांच्या घाऱ्या डोळ्यांवर, त्या लगद्याच्या टोपीवर. घरात मी त्यांच्याशी तुटक बोलू लागले. अण्णांना वाटायचं, पोरगी स्पर्धेच्या काळजीत आहे. ते मायला सांगून मला दुधात खारीक उकळून द्यायचे.

लातूरला आम्ही एसटीनं गेलो. गावात जिकडंतिकडं नव्या पाट्या लागत होत्या, ‘जिल्हा’ ह्या शब्दाचा रंग काही ठिकाणी अजून ओला होता. नाट्यगृह नव्हतं, म्हणून मोंढ्यातलं धान्याचं एक गोदाम रिकामं करून त्यात रंगमंच बांधला होता. वर पत्रे, खाली तुरीच्या डाळीचा वास, आणि आमच्या वाट्याला दुपारी तीनचा प्रयोग. पुढं पाहुणे आणि परीक्षक, मागं पोत्यांवर हमाल, त्यांच्या बायका, बाजाराला आलेली माणसं. नवे कलेक्टरही आले होते. अण्णांनी पडद्याच्या फटीतून त्यांना पाहिलं. सावळे, बारीक, तरुण, साध्या बुशशर्टातले. “ह्यो साहेब?” अण्णा माझ्या कानात कुजबुजले, “ह्येच्या हातात तर छडी बी न्हाई. मंग लोकं भितात कामून?” मी हसले नाही. आज वाटतं, निदान तेव्हा हसायला हवं होतं.

प्रयोग सुरू झाला आणि पंधरा मिनिटांतच कळलं की आज तो पकड घेणार. पोत्यांवरच्या बाया माझ्याबरोबर खाली बसत होत्या, उठत होत्या. त्यांनी ते काम केलेलं होतं. पेटी कमी भरली तेव्हा मी मायसारखी काहीच न बोलता खाली बसले, आणि मागून कुणीतरी “अगं माय माय” म्हणालं. शेवटच्या प्रवेशात मी फडक्यात गुंडाळलेलं मूल घेऊन साहेबासमोर उभी राहिले. माझं शेवटचं वाक्य म्हटलं, “साहेब, आता मोजा.” आता अण्णांनी बोलायचं होतं.

अण्णांनी मुलाकडं पाहिलं. मग हळूच डोक्यावरची टोपी काढली.

तालमीत त्यांनी टोपी कधीच काढली नव्हती. सरांनी तसं सांगितलेलंही नव्हतं. टोपी दोन्ही हातांनी छातीपाशी धरून ते उभे राहिले. काखेत छडी होती. चेहऱ्यावर काही नव्हतं, रडणं नाही, पश्चात्ताप नाही, काहीच नाही. पत्रे उन्हानं तडतडत होते तेवढाच आवाज. मला लगेच कळलं. पूर्ण्याच्या फलाटावर तो गार्ड उभा आहे आणि गाडी खोळंबली आहे. उभ्या जन्मात करायचं राहून गेलेलं ते उभं राहणं अण्णा आज करत होते, माझ्यासमोर, आणि ते इतकं खरं होतं की पहिल्या रांगेतला परीक्षक पुढं झुकला. छडीचे ठोके पडले नव्हते. मी वाट पाहिली असंही नाही. मला माहीत होतं की ते पडणार नाहीत.

आणि मी बोलले. “पेटी खरी होती!” मी ओरडले. “माप खरं होतं! तुमच्या वहीत कुठंच चूक नाही! मग माझं लेकरू मेलं कसं?” आणि मग पुढचं सगळं, एकेक वाक्य फिरवून, ‘माझ्या’ तिथं ‘तुमच्या’ करत, शेवटपर्यंत. कुठं अडखळले नाही. मला भीती वाटली नाही, दया आली नाही, अण्णा विसरले असतील असं क्षणभरही वाटलं नाही. फक्त एवढंच वाटलं की आता सगळी माणसं माझ्याकडं बघताहेत.

भाषण गेल्यावर साहेबाला करायला काही उरलंच नव्हतं. दुसरा कुणी असता तर गोंधळून विंगेकडं बघत बसला असता. अण्णा खाली वाकले, हातातली टोपी त्यांनी त्या लाकडी पेटीत ठेवली, आणि मान खाली घालून, बोडक्या डोक्यानं, त्या गोऱ्या गार्डच्या चालीनं निघून गेले. पडदा पडला. टाळ्यांनी पत्रे हादरले. तो प्रवेश खरं तर त्या टोपीनं उभा राहिला, हे मला पुढं वीस वर्षं कामं केल्यावर समजलं.

विंगेत सर धावत आले. “काय झालं? काय झालं होतं?” त्यांनी मला विचारलं. अण्णा दोन हातांच्या अंतरावर स्टुलावर बसून बूट काढत होते. खरं सांगायला तिथं मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, “अण्णांना आठवलं नाही.”

अण्णांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग ते सरांना म्हणाले, “हाव सर. डोकं रिकामं झालं एकदम. पोरीनं सांभाळून घेतलं बघा.”

संध्याकाळी अभिनयाचं पहिलं बक्षीस मला मिळालं. परीक्षक मुंबईचे होते, आणि विंगेतली हकिगत सरांनी त्यांच्या कानावर घातली होती. त्यांनी भाषणात सांगितलं की समोरचा नट गळपटला असता ह्या मुलीनं ज्या धीरानं प्रसंग सावरला तो शिकवून येत नाही. आणि खाली उतरल्यावर मला मुंबईला यायचं आमंत्रण दिलं. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या वाक्यातून निघालं. अण्णा टाळ्या वाजवत होते. परतीच्या एसटीत त्यांनी टोपी मांडीवर घेतली होती. अहमदपूर गेलं, लोहा आलं, ते खिडकीबाहेर बघत राहिले. माझा हात बक्षिसाच्या ढालीवर होता आणि मी झोपेचं सोंग घेतलं होतं, तेही बरं वठलं असावं.

घरी मायनं दारातच विचारलं, “कसं झालं?” अण्णा म्हणाले, “शकूला पयलं बक्षीस. मी विसरलो, हिनं सावरलं.” माय त्यांच्याकडं बघत राहिली. “तुमी विसरले? ते भाषन? मला पाठ हाय, आन तुमी विसरले?” अण्णा पाय धुवायला आत गेले. माय माझ्याकडं वळली, पण तिनं मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ते लुगडं धुतलं, वाळवलं आणि ट्रंकेच्या तळाशी घातलं. पुढं दोन नाटकांसाठी मी ते मागितलं, दोन्ही वेळा ती म्हणाली, सापडत नाही.

नाटकवाल्यांच्या जगात बातमी लवकर पसरते. नांदेडचा साहेब आता विसरतो, ही पसरायला महिनाही लागला नाही. सरांनी पुढच्या नाटकात साहेबाचं काम बँकेतल्या एका उंच मुलाला दिलं, चेहऱ्याला पावडर फासून. “अण्णांना आता ताण नको,” ते मला म्हणाले, आणि मी मान हलवली. देगलूरहून, किनवटहून निरोप येणं थांबलं. त्या उंच मुलाचा कोट अण्णांनीच शिवला. बोळात त्याला मागं पुढं चालवून पूर्ण्याची चाल शिकवली. “टाच आधी टेक, पंजा मंग,” असं त्यांचं चाललेलं असायचं. मी मुंबईला जायची बॅग भरत होते आणि मागच्या खोलीत मला ते सगळं ऐकू येत होतं. त्यानंतर अण्णा कधीही रंगमंचावर उभे राहिले नाहीत. वय त्यांचं बावन्न.

मी बोलू शकले असते. सरांना, मंडळाला, एक पत्र टाकलं असतं तरी चाललं असतं. पण मला कामं मिळू लागली होती आणि प्रत्येक काम मिळताना लातूरची ती हकिगत कुणीतरी सांगायचं, ‘हीच ती, बापाला सावरणारी.’ ती हकिगत माझी ओळख झाली होती. ती मोडायची माझी छाती झाली नाही.

माय गेल्यावर अण्णा एकटेच त्या दोन खोल्यांत राहिले. मुंबईला यायला तयार नसत. शेवटची काही वर्षं ते फक्त साड्यांना फॉल लावायचे. अशाच एका दुपारी मी नांदेडला गेले होते. मी पिठलं-भाकरी केली, ते दोन घास जेवले आणि पुन्हा मशीनवर बसले. भिंतीवर खिळ्याला ती टोपी होती, उंदरांनी एका बाजूनं कुरतडलेली. माझ्या एका कामाचं त्या दिवसांत बरंच कौतुक चाललं होतं, आणि ते ऐकताना दर वेळी मला लातूर आठवत होतं. मला वाटलं, आता सांगावं, मोकळं व्हावं. मोकळं व्हायची इतकी घाई की समोरच्याचं काय होईल, हे मी मनात आणलंच नाही. ही खोड माझी जुनीच.

“अण्णा,” मी म्हणाले, “लातूरला तुम्ही विसरला नव्हता. छडी वाजली नव्हती. मला माहीत होतं. टोपी काढली तेव्हाच ओळखलं होतं मी.”

मशीन थांबलं. अण्णांनी सुईत अडकलेला फॉल हळूच सोडवला.

“वळखलं व्हतंस?” ते म्हणाले.

“हो.”

“मला वाटायचं,” त्यांनी चष्मा काढला, “मला वाटायचं, पोर घाबरली. बापाची फजिती हुईल म्हनून तिला ऱ्हावलं न्हाई, ठोक्याची वाट बगायचं भान बी ऱ्हायलं न्हाई. काळजीनं बोलली. मी तसंच धरून चाललो व्हतो बाई. लई बरं वाटायचं तसं धरून.”

इतकी वर्षं त्यांनी भूमिका गमावल्याचं दुःख एकट्यानं गिळलं होतं ते ह्या एका समजुतीच्या जोरावर, आणि ती समजूत मी त्या दुपारी त्यांच्या हातातून काढून घेतली, स्वतःचं ओझं हलकं करायला. लातूरला मी त्यांचं भाषण घेतलं, नांदेडला हे घेतलं. दोन्हींत मोठं काय, ते मला आजही ठरवता येत नाही.

मला रडू फुटलं. “अण्णा, काहीतरी बोला. शिव्या द्या मला,” मी म्हणाले.

अण्णांनी चष्मा पुन्हा लावला. भिंतीवरच्या टोपीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग मशीनवरची कात्री उचलून त्यांनी लाकडी फळीवर दोन ठोके मारले. एक, आणि जरा थांबून दुसरा.

ठरावाप्रमाणं आता मी त्यांच्या पाया पडून वाक्य द्यायचं होतं. मी पाया पडले. खाली वाकून, त्यांच्या पावलांवर डोकं ठेवून, मी कितीतरी वेळ वाक्य शोधत राहिले, आणि ते वाट बघत राहिले.